पाणी, रस्ता आणि धक्का : खडकीपासून बसऱ्यापर्यंत



या स्मरणिकेत शाळेच्या आठवणी भरपूर येतील. संपादक मंडळाने माझ्याकडे मागितला तो इतिहासावरचा लेख. विषय मात्र मीच निवडला. आपण खडकीत वाढलो, लष्कराच्या भिंतींना लागून शाळेत गेलो. ५ नोव्हेंबर १८१७ ची खडकीची लढाई आपल्याला सनावळीसकट पाठ होती. पण त्या लढाईनंतर इथे जी छावणी वसली, ती दोनशे वर्षे चालवली कोणी? पाणी कुठून आले, बराकी कशा बांधल्या, दिवे कोणी लावले, हे आपल्या पुस्तकात नव्हते. लढाया कोणी जिंकल्या ते इतिहास सांगतो. तळ कोणी सांभाळला ते सहसा सांगत नाही. आणि तळ नीट न सांभाळल्याने काय होते, याचे एक भयंकर उदाहरण आपल्याच भागातून परदेशी गेलेल्या फौजेचे आहे. ती गोष्ट सांगावी म्हणून हा लेख.

छावणी म्हणजे आधी पाणी

सुरुवातीच्या छावण्या म्हणजे तंबू, मातीच्या भिंती आणि गवती छपरे. गोऱ्या शिपायांना शत्रूच्या गोळीपेक्षा पटकी, हगवण आणि ताप यांनी अधिक मारले. १८५७ च्या उठावानंतर हिंदुस्थानात गोऱ्या फौजेची संख्या वाढली, तेव्हा हा प्रश्न लंडनमध्ये गाजू लागला. सैन्याच्या आरोग्याची चौकशी करायला एक शाही आयोग नेमला गेला. त्याचा अहवाल १८६३ मध्ये आला. त्यामागे फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे मोठे परिश्रम होते. हिंदुस्थानातल्या गोऱ्या फौजेत वर्षाला दर हजारी ६९ शिपाई मरत होते, असे त्या अहवालाने सांगितले. कारणेही साधी होती : घाण पाणी, तुंबलेली गटारे, कोंदट आणि गर्दीच्या बराकी. दोष हवामानाला देऊन हात झटकणे त्यानंतर कठीण झाले.

मग कामे निघाली. उंच छताच्या, दोन्ही बाजूंनी वारा खेळेल अशा दगडी बराकी बांधल्या गेल्या. जोती उंच झाली, पडव्या रुंद झाल्या, स्वयंपाकघर आणि शौचकूप बराकीपासून दूर गेले. १८६४ च्या कायद्याने छावणीच्या कारभाराला चौकट मिळाली. खडकी आणि पुणे कॅम्पात फिरताना आजही त्या काळच्या काही इमारती दिसतात. आपल्याला त्या फक्त जुन्या वाटायच्या. प्रत्यक्षात त्या एका धड्याचे उत्तर आहेत.

पाण्याचे उत्तर खडकवासल्याला मिळाले. रॉयल एंजिनिअर्सचे अधिकारी फाईफ यांच्या योजनेतून मुठेवर दगडी धरण उभे राहिले. १८७९ च्या सुमारास ते पूर्ण झाले आणि त्या तलावाला फाईफ यांचेच नाव पडले. कालव्याने शेतीला पाणी दिलेच, पण पुणे शहर आणि छावण्या हेही त्या योजनेचे मोठे कारण होते. शतकाच्या अखेरीपर्यंत गोऱ्या फौजेतले मृत्यूचे प्रमाण खूप खाली आले. एक गोष्ट मात्र विसरता येत नाही. ही काळजी आधी गोऱ्या पलटणींची घेतली गेली. देशी शिपायांच्या लाइनी, सदर बाजार आणि भिस्ती, झाडूवाले, मोतद्दार यांच्या वस्त्या यांचा नंबर नंतर लागला आणि तोही अर्धामुर्धा.

त्याच काळात खडकीला दारूगोळ्याचा कारखाना निघाला आणि बॉम्बे सॅपर्सचे ठाणे पक्के झाले. सॅपर म्हणजे लढणारा कारागीर : पूल बांधणारा, सुरुंग लावणारा, रस्ता काढणारा. मुंबई-पुणे लोहमार्ग होताच, त्यामुळे खडकीतून निघालेला माणूस आणि माल घाट उतरून थेट मुंबईच्या गोदीपर्यंत जाऊ लागला. मुंबईची नवी अलेक्झांड्रा गोदी, म्हणजे आजची इंदिरा गोदी, १९१४ सालीच खुली झाली. घरचा तळ असा जय्यत तयार होता.

बसरा : तळाशिवाय फौज

१९१४ च्या ऑगस्टमध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले. इराणच्या आखातातल्या तेलाच्या रक्षणासाठी हिंदुस्थान सरकारने मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, फौज पाठवली. ती होती सहावी, म्हणजे पुणे डिव्हिजन. तिच्या तीन ब्रिगेडची नावे वाचली तर आपला नकाशाच समोर येतो : पुणे, अहमदनगर आणि बेळगाव. १०३ वी, ११० वी आणि ११७ वी या मराठा पलटणी तिच्यात होत्या. खडकीच्या सॅपर्सच्या १७ व्या आणि २२ व्या कंपन्याही होत्या. ६ नोव्हेंबर १९१४ रोजी ही फौज फाओला उतरली आणि त्याच महिन्यात बसरा हाती आले.

बसरा समुद्रापासून नदीने शंभराहून अधिक किलोमीटर आत आहे. शत्त-अल-अरबच्या पात्रात मोठी जहाजे येत, पण त्यांना लागायला धक्काच नव्हता. जहाज पात्राच्या मध्ये नांगर टाकून उभे राही. माल स्थानिक शिडाच्या होड्यांत उतरवायचा, त्या खाडीने काठाला आणायच्या आणि पुन्हा हमालांनी पाठीवरून वाहायचा. काठावर खजुराच्या बागा, त्यांत पाट, भरतीला आणि वसंतातल्या पुराला सगळीकडे चिखल. गोदामाला कोरडी जागा नाही, पक्का रस्ता नाही, रेल्वे नाही, पिण्याच्या पाण्याची सोय नाही.

सुरुवातीला हे कोणाला फारसे खटकले नाही, कारण फौज लहान होती आणि विजय सोपे मिळत होते. कुर्ना, अमारा, नासिरिया, कुत अशी एकामागून एक ठिकाणे पडली. फौज नदीने वर वर सरकत गेली. पण ती जितकी पुढे गेली तितकी पिछाडीची दोरी ताणली गेली. शिधा, दारूगोळा, वैरण, औषधे सगळे तैग्रिस नदीतल्या थोड्या बोटींवर अवलंबून होते. उथळ पाण्यात चालणाऱ्या बोटींची मागणी १९१५ मध्ये केली गेली, पण त्या वेळेवर आल्या नाहीत. बसरा ते नासिरिया रेल्वे टाकावी, असा प्रस्ताव सरसेनापती निक्सन यांनी पाठवला. खर्चाच्या कारणाने हिंदुस्थान सरकारने तो नाकारला. बसऱ्याच्या बंदरावर खर्च करायचा तर युद्धानंतर ते आपल्याकडेच राहणार का, असा हिशेबही मनात होता. पैसा वाचला. किंमत दुसऱ्यांनी मोजली.

२२ नोव्हेंबर १९१५ ला बगदादच्या अलीकडे टेसिफोनला टाउनशेंड यांच्या फौजेची तुर्कांशी गाठ पडली. लढाईत सुमारे साडेचार हजार माणसे मेली किंवा जखमी झाली. इतक्या जखमींची सोय तिथे नव्हती. स्प्रिंग नसलेल्या मालवाहू गाड्यांतून त्यांना नदीवर आणले गेले. तिथे बोटींच्या आणि पडावांच्या उघड्या डेकवर दाटीवाटीने घालून बसऱ्याला पाठवले गेले. वाटेत दिवसचे दिवस जखमा बदलल्या गेल्या नाहीत. मेजर कार्टर हे लष्करी डॉक्टर बसऱ्यात अशी एक बोट उतरवून घ्यायला गेले, तेव्हा समोर काय दिसले ते त्यांनी वरिष्ठांना स्पष्ट कळवले. त्यांना शाबासकी मिळाली नाही. उलट गप्प बसवण्याचा प्रयत्न झाला. पुढे आयोगासमोर त्यांची साक्ष झाली, तेव्हा ब्रिटनमध्ये लोक हादरले.

टाउनशेंड मागे हटून कुतला थांबले. ७ डिसेंबर १९१५ ला तुर्कांनी कुतला वेढा घातला. आत आपल्या मराठा पलटणी होत्या आणि खडकीच्या सॅपर्सची १७ वी कंपनी होती. सोडवायला नवी फौज बसऱ्याला उतरत होती, पण बसऱ्याहून पुढे न्यायला बोटी नव्हत्या. ऐन गरजेच्या आठवड्यांत हजारो सैनिक बसऱ्याच्या चिखलात अडकून पडले. जहाजे माल उतरवण्यासाठी पात्रात आठवडेच्या आठवडे खोळंबली. जी तुकडी पुढे पोहोचली ती अपुऱ्या तोफा आणि अपुरी रसद घेऊन लढायला गेली. सुटकेच्या प्रयत्नांत सुमारे २३ हजार माणसे मेली किंवा जखमी झाली. कुतमध्ये घोडे कापून खाण्याची वेळ आली. अखेर २९ एप्रिल १९१६ ला सुमारे १३ हजार माणसांनी शरणागती पत्करली. त्यांतली पुष्कळशी हिंदी होती. कैदेतल्या पायपिटीत आणि छावण्यांत त्यांच्यापैकी हजारो मेले.

कुतच्या पराभवाची चर्चा नेहमी सेनापतींच्या हट्टाभोवती फिरते. तो हट्ट होताच. पण टाउनशेंड अडकले ते कुतला आणि त्यांना सोडवणारी फौज अडकली ती बसऱ्याला, हेही तितकेच खरे.

धक्का बांधला आणि चित्र पालटले

१९१६ मध्ये मोहिमेचा ताबा लंडनच्या युद्ध कार्यालयाने आपल्याकडे घेतला. ऑगस्टमध्ये मॉड सरसेनापती झाले. त्यांनी लगेच चढाई केली नाही. आधी बसरा बांधायला घेतले. रंगूनच्या बंदराचा अनुभव असलेले सर जॉर्ज ब्युकॅनन हे अभियंते आधीच तिथे आले होते. बसऱ्याच्या वरच्या अंगाला मार्गिल येथे धक्के बांधले गेले आणि जहाजे थेट काठाला लागू लागली. बंधारे घालून जमीन पुराबाहेर काढली, भराव टाकून उंच रस्ते केले. बसरा-नासिरिया आणि कुर्ना-अमारा अशा रेल्वे झाल्या. त्यांचे बरेचसे सामान आणि माणसे हिंदुस्थानातून गेली. इस्पितळे, पाणी शुद्ध करण्याची सोय, बर्फाचे कारखाने आणि बोटदुरुस्तीचे कारखाने उभे राहिले. नदीत नव्या बोटी आल्या.

११ मार्च १९१७ ला बगदाद पडले. शिपाई तेच होते, नदी तीच होती, उन्हाळाही तोच होता. फरक तळात होता.

हे काम ज्यांनी केले त्यांच्याकडेही पाहायला हवे. मेसोपोटेमियात लढणाऱ्या हिंदी सैनिकांच्या जवळपास बरोबरीने बिगरलढाऊ माणसे गेली होती : हमाल, भिस्ती, धोबी, सुतार, लोहार, रेल्वेचे खलाशी, झाडूवाले, डोलीवाले. तेवढ्याने भागेना, तेव्हा तुरुंगातल्या कैद्यांना शिक्षेत सूट देऊन मजूर तुकड्यांत भरती करून नेले गेले. बगदादच्या विजयाच्या वर्णनात ही मंडळी सापडत नाहीत.

मेसोपोटेमिया आयोगाचा अहवाल जून १९१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात हिंदुस्थान सरकारवर कडक ताशेरे होते. भारतमंत्री ऑस्टेन चेंबरलेन यांनी जुलैमध्ये राजीनामा दिला. आयोगाचे अध्यक्ष होते लॉर्ड जॉर्ज हॅमिल्टन. पुण्याच्या वाचकांना हे नाव अपरिचित नसावे. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगच्या निमित्ताने जो जुलूम झाला, त्या वेळी लंडनमध्ये भारतमंत्री हेच होते.

एमईएस

युद्धानंतर लष्करी बांधकामाची घडी नव्याने बसवली गेली आणि २६ सप्टेंबर १९२३ पासून मिलिटरी एंजिनिअर सर्व्हिसेस, म्हणजे आपल्या रोजच्या बोलण्यातले एमईएस, सुरू झाले. बराकी, क्वार्टर्स, इस्पितळे, धावपट्ट्या, गोद्या, पाणी, वीज, रस्ते हे सगळे बांधायचे आणि बांधून झाल्यावर रोज चालते ठेवायचे, हे त्याचे काम. आज ते सैन्य, नौदल आणि हवाई दल तिघांसाठी काम करते. त्यात वर्दीतले अधिकारी आहेत आणि त्यांच्याहून पुष्कळ जास्त बिनवर्दीचे लोक आहेत.

बांधकामाला उद्घाटन असते, कोनशिला असते. देखभालीला काही नसते. माझे वडील या खात्यात पंपहाऊसवर होते. त्यांच्या कामाचे यश असे की ते कोणाच्या लक्षातच येत नसे. नळाला पाणी आले तर बातमी नाही. एक दिवस आले नाही की जी.ई. ऑफिसात तक्रारींची रांग. आपल्या वर्गात कोणाचे वडील फिटर होते, कोणाचे इलेक्ट्रिशियन, कोणाचे मेट, कोणाचे स्टोअरमध्ये. कोणाची आई इस्पितळात कामाला होती. "वडील काय करतात?" या प्रश्नाला "मिलिटरीत" असे मोघम उत्तर आपण देत असू आणि ऐकणाऱ्याने बंदूक डोळ्यापुढे आणली तर ती आणू देत असू. पण बसऱ्याची गोष्ट वाचल्यावर ते उत्तर मोघम वाटत नाही. व्हॉल्व्ह फिरवणारा माणूसही मिलिटरीतच होता.

स्वातंत्र्यानंतर दापोडीला लष्करी अभियांत्रिकीचे महाविद्यालय आले आणि खडकी-दापोडी हा पट्टा या विद्येचे देशातले मोठे केंद्र झाला. १९४८ मध्ये नौशेरा-राजौरी रस्त्यावर सुरुंग काढत, अडथळे हटवत रणगाड्यांना वाट करून देणारे परमवीरचक्र विजेते राम राघोबा राणे हे बॉम्बे सॅपर्सचेच. रणगाडे होते, चालवणारे होते, रस्ता नव्हता. राण्यांनी तो दिला. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले, त्याच्या आदल्या रात्रीही जवान वाळूची पोती रचून धरण वाचवायची धडपड करत होते. ते वाचले नाही. पाठोपाठ फाईफचे खडकवासला धरणही फुटले. ज्या पाण्याने छावणी जगवली तेच पाणी पुण्याच्या पेठांत शिरले. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी त्या दिवसाची गोष्ट सांगितली गेली आहे.

परदेशातला एक वेगळा तळही सांगण्यासारखा आहे. तिसरी भारतीय अंटार्क्टिका मोहीम डॉ. हर्ष गुप्ता यांच्या नेतृत्वाखाली १९८३ च्या अखेरीस गोव्याहून निघाली. अंटार्क्टिकाच्या एकाच उन्हाळ्यात भारतीय सैन्याच्या अभियंत्यांनी तिथे दक्षिण गंगोत्री हे देशाचे पहिले कायमचे ठाणे उभे केले. हा लढाईचा तळ नव्हता, पण कसब तेच होते. ठाणे बर्फाच्या थरावर होते. काही वर्षांत ते बर्फाखाली गाडले जाऊ लागले आणि १९९० पासून त्याचा ठाणे म्हणून वापर थांबला. पुढचे ठाणे मैत्री खडकावर, गोड्या पाण्याच्या तळ्याजवळ बांधले गेले. जमीन कशी आहे आणि पाणी कुठे आहे : बसऱ्याला जे दोन प्रश्न आधी विचारले गेले नाहीत, तेच तिथे पुन्हा समोर आले.

नावे

खडकीचे युद्ध स्मशान आपण सगळ्यांनी पाहिले आहे. कापलेली हिरवळ, सरळ रांगा, प्रत्येक दगडावर नाव. बसऱ्यालाही असे एक स्मारक आहे. मेसोपोटेमियात मेलेल्या आणि ज्यांची कबर माहीत नाही अशा ४० हजारांहून अधिक माणसांचे ते स्मारक. त्यावर ब्रिटिश सैनिकांची नावे कोरली गेली. हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली गेली. साध्या हिंदी शिपायांच्या बाबतीत मात्र पलटणीच्या नावाखाली फक्त आकडा लिहिला गेला. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूरच्या गावांतून गेलेली माणसे दगडावर एक संख्या होऊन राहिली. हमाल आणि भिस्ती यांची गोष्ट तर त्याहून लांबची.

आता छावण्यांचा नागरी भाग महापालिकांत विलीन करण्याचे वारे आहेत. ते योग्य की अयोग्य हा वेगळा विषय. पण कारभार बदलतो तेव्हा जुनी रजिस्टरे, नकाशे, हजेरीपटही हलतात आणि त्यांतले पुष्कळसे रद्दीत जातात. कोणत्या विहिरीवरून कोणत्या लाइनला पाणी जात होते, कोणती बराक कधी बांधली, तिथे कोण कामाला होते, हे सांगू शकणारी आपल्या घरातली पिढी आता ऐंशी-नव्वदीत आहे.

म्हणून स्नेहसंमेलनाला येणाऱ्या सर्वांना एक विनंती आहे. आई-वडील, काका, मामा यांच्यापैकी जे एमईएस, दारूगोळा कारखाना, डेपो, इस्पितळ किंवा सॅपर्समध्ये होते, त्यांचे नाव, हुद्दा, कामाची जागा आणि अंदाजे वर्षे एका कागदावर लिहून आणा. जुनी ओळखपत्रे, सर्व्हिस बुके, निरोप समारंभाचे फोटो असतील तर त्यांच्या प्रती आणा. शाळेच्या ग्रंथालयात या कागदांसाठी एक कपाट ठेवावे, असे मी संपादक मंडळाला सुचवले आहे. त्यातून मोठा ग्रंथ होईल की नाही, ठाऊक नाही. पण आपल्या माणसांच्या जागी नुसता आकडा राहणार नाही, एवढे आपल्याला नक्की करता येईल.